नाली झाली, सिस्टर गेल्या

जय भीम. सलाम. बसून घ्या सगळे. मागं उभं राहू नका, समोर सतरंजीवर जागा आहे.

वरच्या गल्लीतल्या बहिणींनो, भावांनो, आन आमच्या खालच्या गल्लीतून हातातलं काम सोडून आलेल्या सगळ्यांनो. मिलिंदबेटा. सूनबाई.

मले भाषण येत नाही. मी रशीद, गादीवाला. जिंदगीभर कापसासंग बसलो. विहाराच्या पोराईनं सकाळी येऊन सांगतलं, "चाचा, तुमाले बोलायचं आहे." मी म्हटलं, बाप्पा, गुरुजी आहेत, दवाखान्यातल्या सिस्टरच्या सोबतिणी आहेत, त्याईले बोलू द्या. तर म्हणे, "ते बोलतीनच, पण तुमी बोलल्याशिवाय कसं होईन?" आता उभा तर राह्यलो. सांभाळून घ्या.

वानखडे सिस्टर गेल्या. प्रमिलाबाई वानखडे हे नाव घेतलं तर अर्ध्या लोकाईले कळणार नाही, पण सिस्टर म्हटलं का लहान लेकरूही कोपऱ्यावरच्या घराकडे बोट दाखवते. आज इथं फक्त त्याईचा फोटो आहे. आपल्यातल्या कोणीच त्याईले शेवटचं पाह्यलं नाही. पुण्यात होत्या, पुण्यातच सगळं झालं. मिलिंदचा फोन आला तवा मी उशी शिवत होतो. फोन ठेवला आन ती उशी शिवून पूर्ण केली. काऊन केली, मले माहीत नाही. हात थांबलेच नाहीत.

काल मिलिंद आला तर पयले माह्या घरी आला. चहा ठेवला, त्यानं घेतला नाही. दारातच उभ्यानं विचारलं, "चाचा, खरं सांगा. आईला पुण्याला यायचं नव्हतं का?"

मी त्याले टाळलं. म्हटलं, उद्या सभा झाल्यावर बोलू. पण बेटा, ते एकट्यात सांगणं मले जमणार नाही. तुह्या आईची गोष्ट ह्या दोन गल्ल्याईची आहे. दोन्ही गल्ल्या इथं बसल्या आहेत. त्याईच्या समोरच सांगतो. काही चुकलं तर इथंच कोणी तरी मले थांबवन.

नवीन पोराईले माहीत नसन. वरच्या गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला तवापासून हे सुरू झालं. रस्ता झाला, पण पाण्याची वाट कोणी केली नाही. पाऊस पडला का सगळं पाणी उतारानं धावत खाली येई, आमच्याकडे. दोन्ही गल्ल्याईच्या मधात रस्त्याखालून एक पाइप होता, तो गाळानं बुजलेला. आमाले काही सुचलं नाही. आमी गल्लीच्या तोंडावर विटांची भिंत घातली. कमरेएवढी. पाणी आमच्याकडे यायचं थांबलं. मंग ते वरच्या गल्लीत साचलं. वरच्या गल्लीत म्हणजे कोणाच्या घरात? सगळ्यात पयले कोपऱ्यावरच्या घरात. सिस्टरच्या.

भर दुपारची गोष्ट. पाऊस असा का समोरचं दुकान दिसत नव्हतं. माह्या दारात एक बाई येऊन उभी राह्यली. साडी गुडघ्याच्या वर खोचलेली, डोक्यावर प्लास्टिकची पिशवी, हातात लोखंडी सब्बल.

"ही भिंत कोणं बांधली?"

म्हटलं, "आमी."

"तोडा."

"नाही तोडत."

"माह्या पलंगाच्या पायापर्यंत पाणी आलं, भाऊ."

"मंग काय माह्या कापसात येऊ द्यू?"

आमच्या दोघाईचाही आवाज चढला. तेवढ्यात आतून माही बायको जुबेदा बोलली, "कौन है जी?" तिच्या पायाले जखम होती. शुगर होती, जखम भरत नव्हती. विटांवर फळ्या टाकून त्याच्यावर तिले निजवलं होतं. सिस्टरनं आत पाह्यलं. सब्बल दाराले टेकवली आन मले न विचारता आत गेल्या. पायाचं फडकं सोडलं. बाप्पा, वास आला. मले वाटलं, आता ही बाई तोंड फिरवन. त्याईनं जुबेदाले विचारलं, "वहिनी, गरम पाणी मिळन काय? आन ह्या माणसाले बाहेर उभं करा."

माह्या घरातून मलेच बाहेर उभं केलं.

दुसऱ्या दिवशी पट्टीचं सामान घेऊन आल्या. तिसऱ्या दिवशीही आल्या. मंग रोज येत. रिटायर झाल्या होत्या, पण हात तसाच होता, हलका. पट्टी करता करता माह्याशी भांडत.

"वहिनी, पाय हलवू नका. रशीदभाई, भिंत कवा तोडता?"

"पाणी जायची सोय झाली का तोडतो."

"सोय कोण करन?"

"मले काय माहीत?"

"वहिनी, ह्या माणसासंग तुमी कशा राह्यल्या इतके वर्ष?"

जुबेदा हसे. म्हणे, तुमचं दोघाईचं भांडण ऐकलं का माहा पाय कमी दुखते. पाय बरा झाला. भिंत तशीच राह्यली.

मंग एक दिवस सिस्टर म्हणाल्या, "रशीदभाई, तुमची गल्ली महापालिकेच्या ऑफिसात जाते, आमची बी जाते. येगयेगळी जाते. आता संग जाऊ."

गेलो. तिथल्या साहेबाईनं सिस्टरले सांगतलं, "बाई, नाली खाली काढायची तर खालच्या गल्लीची हरकत आहे." सिस्टरनं माह्याकडे हात केला. "हे खालची गल्ली." साहेबाईनं माह्याकडे पाह्यलं, म्हणाले, "आणि वरच्या गल्लीची पण तुमच्या भिंतीवर तक्रार आहे." मी सिस्टरकडे हात केला. "ह्या वरची गल्ली." साहेबाईनं फाइल बंद केली. मंग म्हणाले, "बाहेर बसा."

त्या दिवसापासून आमी बाहेर बसलो. व्हरांड्यातल्या बाकावर. किती वर्ष बसलो, त्याचा हिशोब मले देता येत नाही. मी साहेबाईले दोष देत नाही. एक साहेब चांगला निघे, काम समजून घे, आन त्याची बदली होऊन जाई. दुसऱ्याले पयल्यापासून सांगा. कवा नालीचा उतार बसत नव्हता, कवा मंजुरी यायची होती.

पयले पयले तुमी सगळे येत होते. आठवते ना? ऑटो भरून जात होतो. बायका येत, पोट्टे येत, घोषणा होत. मंग कोणी घराचा ओटा उंच करून घेतला. कोणी दारात फरशी लावली. कोणी नवीन वस्तीत प्लॉट घेऊन निघून गेलं. ज्याचं त्याचं बरोबर होतं. लेकरं होती, धंदे होते, कोणाले रोज वेळ असते? ऑटो अर्धा भरू लागला. मंग आमी दोघंच राह्यलो, आन ऑटो सोडून पायी जाऊ लागलो.

मधात जुबेदा गेली.

सिस्टर मयतीले आल्या, आमच्या बायांमधी बसल्या. मी दुकान उघडणं सोडून दिलं. पोरी आपापल्या सासरी वापस गेल्या. घरात माणूस म्हणून मी एकटा. काही दिवसांनी सिस्टर दारात आल्या. म्हणाल्या, "चला, ऑफिसात जायचं आहे."

म्हटलं, "सिस्टर, मले काही करावंसं वाटत नाही."

"करू नका. नुसते चला."

मी चप्पल घातली आन गेलो. त्या दिवशी ऑफिसात कोणीच भेटलं नाही, साहेब दौऱ्यावर होते. पण मी घराच्या बाहेर निघालो. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं.

बाकावर आमी काय बोलत होतो? काहीही. त्या फुटाणे आणत. पातूरकडचं त्याईचं माहेर, तिथली बोरं, ते सांगत. डिलिव्हरीच्या वॉर्डातल्या गोष्टी सांगत. कोणतं बाळ उलटं आलं, कोणती बाई रडायच्या जागी शिव्या देत होती. वानखडे भाऊ लवकर गेले, मिलिंद लहान होता, ड्युटी करून एकटीनं मोठा केला, हे मात्र एकदाच बोलल्या. आन मिलिंदचा फोन त्या बाकावर येई. मले इकडची बाजू ऐकू येई.

"हो बेटा. येते ना. नालीचं काम होऊ दे, मंग येते."

प्रत्येक वेळी हेच. नालीचं काम होऊ दे. मले वाटे, किती जिद्दीची बाई आहे. मी गल्लीत सांगत फिरलो, पाहा, पोरगा बोलावून राह्यला तरी जात नाही, आपल्या नालीसाठी थांबली.

मंग ऑफिसात नवीन मॅडम आल्या. इंजिनीअर. तरुण पोरगी, रोज अमरावतीवरून येणं-जाणं करे. एक दिवस आमी बाकावर होतो आन आभाळ फाटलं. सिस्टर उठल्या, सरळ आत गेल्या.

"मॅडम, आत्ता चाला."

"आत्ता? एवढ्या पावसात?"

"पावसातच. उन्हात आमची गल्ली चांगली दिसते."

काय वाटलं त्या पोरीले, कोण जाणे. उठली. ऑटोवाल्यानं कोपऱ्याच्या खूप पयलेच उतरवून दिलं, म्हणे, पुढं गाडी बंद पडन. पाणी पोटऱ्याईपर्यंत होतं. सिस्टरनं मॅडमचा हात धरला आन वरून खालपर्यंत चालवत आणलं. तक्रार नाही, टोमणा नाही. भिंतीपाशी आणून उभं केलं, मंग आपल्या घरी नेलं. पलंगावर बसवलं. मॅडम पाय वर घेऊन बसल्या, सँडल मांडीवर. सिस्टरनं टेबलावर गॅस ठेवलेला होता, पाण्यात उभं राहून भाकर टाकली, पिठलं केलं.

मॅडम म्हणाल्या, "आजी, मला परत जायचंय."

"खाऊन घे बेटा. पाणी उतरल्याशिवाय इथून जाता येत नाही. आमाले बी नाही येत."

पाणी संध्याकाळी उतरलं. तोपर्यंत ती पोरगी त्या पलंगावर बसून होती. घरी फोन केला, "आई, आज मी अकोल्यात अडकलेय गं." मंग थोड्या वेळानं तिनं विचारलं, "आजी, दर वेळी तुम्ही असंच करता?"

सिस्टर म्हणाल्या, "पाऊस आला का."

त्याच्यानंतर काम हललं. लगेच नाही. पण मॅडमनं धरून ठेवलं. त्या स्वतः दोनतीनदा मोजायले आल्या. उन्हाळ्यात खोदकाम लागलं. मोठे पाइप आले, दोन्ही गल्ल्या उकरून टाकल्या, आपण सगळ्याईनं फळ्यांवरून चालत उन्हाळा काढला. भिंत तोडायची वेळ आली तर मजूर पुढं झाले. सिस्टर म्हणाल्या, "थांबा. रशीदभाईनं बांधली, रशीदभाईच तोडतीन." खुर्ची टाकून, छत्री उघडून माह्या समोर बसल्या. मी घण मारू लागलो. दम लागला का म्हणत, "बांधताना नाही लागला काय?"

लोकं हसत होते. मीही हसत होतो.

मंग पावसाळ्यात एक दिवस जोराचा आला. मी बाहेर निघालो. गल्लीतले सगळे निघाले. पाणी वरून आलं, नालीत उतरलं, आमच्या दारासमोरून गेलं, सरळ पुढच्या नाल्यात. कोणाच्या घरात नाही. पोट्टे ओरडले. लोकाईनं थोडा वेळ पाह्यलं आन आपापल्या घरात गेले, टीव्ही लावले. बरोबर आहे. जे व्हायले पाहिजे ते झालं, त्यात किती वेळ पाहत राहायचं?

सिस्टर त्याईच्या बाजूनं उभ्या होत्या, मी माह्या बाजूनं. मी ओरडलो, "सिस्टर, झालं!"

"हो भाऊ. झालं."

मले वाटलं, नाचतीन. त्या तशाच पाण्याकडे पाहत राह्यल्या. मंग म्हणाल्या, "आता मिलिंदले काय सांगू?"

मी हसलो. मले वाटलं, मजाक करून राह्यल्या.

दिवाळीत मिलिंद गाडी घेऊन आला. आनंदानं आला. आईसाठी खोली तयार केली होती त्यानं, नवीन पलंग, बाथरूममधी धरायले दांडा. मले फोटो दाखवले. निघायच्या आदल्या दिवशी सिस्टर भांडे वाटत होत्या. मले एक पातेलं दिलं. तवा माह्या ध्यानात आलं. म्हटलं, "सिस्टर, जायचं नसन तर सांगा ना पोराले. तो काही जबरदस्ती करणारा नाही."

"काय सांगू? इतके वर्ष सांगतलं, काम राह्यलं आहे. आता कोणतं काम राह्यलं?"

"असंच सांगा, का इथं बरं वाटते."

"लेकरू इतक्या लांबून बोलावते भाऊ. त्याले म्हणू, तुह्याकडे यायचं नाही? कोणती माय म्हणन?"

मी पातेलं घेऊन घरी आलो. दुसऱ्या दिवशी गाडी गेली. तुमी सगळे होते निरोप द्यायले.

पुण्यावरून फोन करत. पावसाळ्यात जास्त करत. "पाऊस आहे काय तिकडे? पाणी बरोबर जाते ना?" म्हणत, इथं वरच्या मजल्यावर पाऊस पडला तरी आवाज येत नाही, काच लावलेली असते. एक दिवस म्हणाल्या, "भाऊ, फोन जरा नालीजवळ धरा." मी धरला. छत्रीत वाकून उभा राह्यलो, फोन नालीवर धरून. शेजारचे विचारत होते, चाचा, काही पडलं काय? मी मान हलवली. बऱ्याच वेळानं फोन कानाले लावला. सिस्टर होत्या. बोलल्या नाही, पण होत्या.

आन मी? मी एकदा ऑफिसात गेलो. काही काम नव्हतं. जाऊन बाकावर बसलो. शिपाई ओळखीचा, त्यानं विचारलं, "चाचा, आता काय राह्यलं?" म्हटलं, "काही नाही. असाच." त्यानं पाणी आणून दिलं. मी पाणी पिऊन उठलो. मंग गेलो नाही.

मिलिंद, बेटा, तुले उत्तर पाहिजे होतं. हो. त्याईले यायचं नव्हतं. पण तू चुकला नाही. माय एकटी राहू नये म्हणून तू नेलं, आन तू नेलं नसतं तर ह्याच लोकाईनं तुले नावं ठेवली असती. त्याईनं तुले खोटं सांगतलं असंही नाही. नाली खरंच पाहिजे होती. पाणी खरंच घरात येत होतं. फक्त त्या कामाच्या आडोशानं त्या इथं राहून घेत होत्या. इथं त्याईले सिस्टर म्हणणारे लोकं होते. हे मले बाकावर इतके वर्ष बसून कळलं नाही, तर तुले फोनवर कसं कळन?

पण काल तू जाता जाता एक गोष्ट सांगतली. सहज सांगतली. ती मी रातभर डोक्यातून काढू शकलो नाही. ती ह्या सगळ्याईले सांगतो.

तिकडं मिलिंदच्या बिल्डिंगीखाली, गाड्या लावतात तिथं, पाणी साचते. जाळी गच्च होऊन जाते. सिस्टर तिथं गेल्या, पावसाळा लागला नि सात-आठ दिवसात खाली उतरू लागल्या. वॉचमनले सांगत. मॅनेजरले सांगत. सोसायटीच्या मीटिंगीत जाऊन बसल्या. लोकं म्हणत, आजी, तुम्ही कशाला त्रास घेता, होईल. मिलिंदही म्हणे, "आई, राहू दे ना, ते पाहतील." तरी पाऊस आला का लिफ्टनं खाली जात आन त्या पाण्याच्या काठाले उभ्या राहत. कोणी गाडीवाला आला का त्याले दाखवत. तो काच वर करून निघून जाई. त्या उभ्याच राहत. एकट्या.

मले फोनवर हे कवाच बोलल्या नाहीत. आमची नाली विचारत, माही तब्येत विचारत, कोणाकडे लग्न झालं ते विचारत. हे सांगतलं नाही. काऊन सांगतलं नाही, सिस्टर? मी आलो असतो. मले पुणं माहीत नाही, तिथलं ऑफिस माहीत नाही, मॅनेजरशी कसं बोलायचं ते माहीत नाही. पण रातच्या गाडीत बसून आलो असतो. विचारत विचारत आलो असतो.

बस. याच्यापुढं मले बोलता येणार नाही.

उठा सगळे. माईक बंद करा, पंखेही बंद करा जराक. ज्याले जी प्रार्थना येते ती त्यानं मनात म्हणावी, माही मी म्हणतो. घाई करू नका. मी सांगन तवा बसा.

सिस्टर, तुमाले खालच्या गल्लीचा जय भीम.